सरड्याचा एक गुण

शालेय जीवशास्त्राची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या, ती तपासणाऱ्या आणि त्यांवर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

तेवीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवते आहे आणि जवळजवळ तितकीच वर्षं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसते आहे. तेव्हा खाली जी तक्रार येणार आहे तिच्यात मी फिर्यादी आहे तशी आरोपीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

गोष्ट एका गुणाच्या प्रश्नाची आहे. ‘वेगळा घटक ओळखा : मगर, सरडा, कासव, चिमणी.’ आदर्श उत्तरपत्रिकेत उत्तर होतं चिमणी. गठ्ठ्यात बहुतेकांनी चिमणीच लिहिलं होतं. एकाने लिहिलं सरडा. नुसतं सरडा लिहून थांबला असता तर माझ्या लक्षातही राहिलं नसतं, पण पठ्ठ्याने समासात पेन्सिलीने चार रेघा ओढून एक झाड काढलं होतं. मगर आणि चिमणी एकाच फांदीला फुटलेल्या, कासव त्यांच्या शेजारून निघालेलं, आणि सरडा खाली, लांब, एकटा. मी ते झाड पाहिलं, उरलेला गठ्ठा पाहिला, लाल पेनाने शून्य ठेवलं आणि पान उलटलं.

पेपर हातात पडल्यावर तो मुलगा आला. ‘बाई, माझं का चुकलं?’

मी म्हटलं, ‘पुस्तकात बघ.’

त्याचं चुकलं नव्हतं. मगर दिसायला सरड्याची थोरली बहीण वाटते, पण नात्याने ती चिमणीच्या जवळची आहे. मगरींची आणि पक्ष्यांची वंशरेषा सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या एका समाईक पूर्वजापर्यंत जाऊन मिळते. मधल्या काळात पक्ष्यांच्या बाजूने डायनोसॉर होऊन गेले. सरडे आणि साप त्याच्याही आधी वेगळ्या वाटेने निघून गेलेले. कासवाचं घोडं बरीच वर्षं अडलेलं होतं, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत जनुकसंच वाचून झाल्यावर तेही मगर-चिमणीच्या बाजूला जाऊन बसलं. म्हणजे चौघांत लांबचा नातेवाईक सरडाच. आणि गंमत अशी की ‘मगरीच्या हृदयाला मात्र पक्ष्यांप्रमाणे चार कप्पे असतात’ हे वाक्य आपल्याच पुस्तकात आहे. ‘अपवाद’ अशा मथळ्याच्या चौकटीत. चौकटीतलं परीक्षेला येत नाही, हे सगळ्या वर्गाला ठाऊक असतं.

चिमणी हे उत्तर चूक आहे असं मी म्हणत नाही. पिसं आणि उष्ण रक्त हा निकष धरला तर चिमणी वेगळी पडतेच. पण निकष कोणता ते प्रश्नात कुठे होतं? नातं विचारलं होतं की अंगावरचं पांघरूण? ज्या मुलाने निकष स्वतः ठरवला, तो कागदावर मांडला आणि त्याला धरून उत्तर दिलं, त्याला शून्य. ज्यांनी निकषाचा विचारही केला नाही त्यांना एक. तुमच्याकडे मागायचं आहे ते एवढंच, की मुलाने स्वतः पाहिलेलं, मोजलेलं किंवा विचार करून मांडलेलं पुस्तकाशी जुळलं नाही, तरी त्याला गुण मिळण्याची सोय पुस्तकात आणि प्रश्नपत्रिकेत असावी. बाकीचं पत्र म्हणजे हे मागणं मला का सुचलं त्याची हकिगत.

वर्गीकरणाच्या धड्यात पहिल्याच पानावर कार्ल लिनियसचं चित्र असतं. खाली लिहिलेलं असतं ‘वर्गीकरणशास्त्राचा जनक’, आणि द्विनाम पद्धतीची व्याख्या. हा जनक स्वतः खोडरबर किती वापरायचा, ते आपण मुलांना सांगत नाही. 1735 साली त्याचं पहिलं वर्गीकरण छापून आलं, मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पानं. त्यात देवमासा माशांमध्ये होता. 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याने देवमासा तिथून उचलला आणि सस्तन प्राण्यांत आणून ठेवला. ‘सस्तन’ हे वर्गाचं नावही त्याने त्याच आवृत्तीत आणलं. मधे तेवीस वर्षं गेली. म्हणजे मी जितकी वर्षं शिकवते आहे तितकी वर्षं देवमासा लिनियसच्या लेखी मासाच होता. आणि ‘कृमी’ नावाचा जो वर्ग त्याने केला, ती तर अडगळीची खोली होती. गांडूळ, गोगलगाय, तारामासा, जेलीफिश, जे कुठेच बसेना ते तिथे.

बदकासारखी चोच असलेल्या प्लॅटिपसचं तर काय सांगावं. 1799 मध्ये जॉर्ज शॉने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा कुणीतरी बदकाची चोच कातड्याला शिवून फसवणूक केली असावी, अशी शंका त्याला स्वतःलाच आली होती. हा प्राणी अंडी घालतो की नाही यावर पुढे पाऊणशे वर्षांहून जास्त वाद चालला आणि 1884 मध्ये अंडी प्रत्यक्ष हाती लागल्यावर तो मिटला. आपल्या पुस्तकात या सगळ्याचं काय उरलं आहे? ‘प्लॅटिपस हा अंडी घालणारा सस्तन प्राणी आहे.’ रिकाम्या जागा भरा, एक गुण.

पंचसृष्टीचंही तेच. रॉबर्ट व्हिटाकरने 1969 मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी, म्हणजे पाच मोठे गट, मांडल्या. त्याने कवकांना, म्हणजे बुरशी-भूछत्रांना, वनस्पतींतून बाहेर काढलं, ही मोठी गोष्ट होती. पुढे कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची निघाली. 1977 मध्ये कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतल्या रायबोसोमचा आरएनए ताडून पाहिला, तेव्हा ज्यांना आपण सरसकट जिवाणू म्हणून एका पोत्यात भरत होतो त्यांतला एक मोठा गट जिवाणूंपासून पार वेगळा निघाला. त्यांना आता आर्किया म्हणतात. 1990 पासून जीवसृष्टीचे तीन मूळ गट मानणारी मांडणी चालत आली आहे आणि त्यातही आर्कियाच्या फांदीवरूनच आपण सगळे फुटलो का, हा वाद सुरू आहे. मी असं म्हणत नाही की शाळेतल्या मुलाला हे सगळं पाठ करायला लावा. उलट, पाठ करायचं ओझं कमी करा म्हणते. पण पाच सृष्टी शिकवताना ‘ही 1969 ची मांडणी आहे, नंतर ती बदलली’ एवढी एक ओळ लिहायला किती शाई लागते?

आता थोडं पानाबाहेरचं.

दर वर्षी एकदा मी मुलांना मैदानाच्या कडेला नेते. एक मीटर लांबी-रुंदीची सुतळीची चौकट जमिनीवर टाकायची, तिच्यातला पालापाचोळा पांढऱ्या ताटात घ्यायचा आणि त्यात जे हलेल ते वेगळं काढायचं. अट एकच, पहिली पंधरा मिनिटं कुणी नाव घ्यायचं नाही. गट मुलांनीच पाडायचे, मुलांच्याच निकषावर. एका वर्षी एका टोळीने पाडलेले गट असे होते : ‘उडणारे’, ‘चावणारे’, ‘मेल्याचं सोंग करणारे’ आणि ‘शी’. आम्ही हसलो, पण मग विचारलं, की उडणारं चावलं तर ते कुठे? मेल्याचं सोंग करणारं खरंच मेलं असेल तर? दहा मिनिटांत ‘शी’ हा गट मोडला, कारण कुणाला कशाची शी वाटते यावर एकमत होईना. मग एकीने पाय मोजायला सुरुवात केली. पाय मोजले की भांडण कमी होतं, हा शोध त्यांनी स्वतः लावला. संधिपादांच्या, म्हणजे सांध्यांचे पाय असलेल्या प्राण्यांच्या, पोटगटांची निम्मी मांडणी त्या मुलीने ताटावर वाकून करून टाकली होती, आणि तोवर तिला ‘संधिपाद’ हा शब्दही माहीत नव्हता.

त्या ताटात दगडाखाली राहणारा एक राखाडी प्राणी असतो. पाठीवर आडव्या पट्ट्यांचं चिलखत, त्याच्या काही जातींना बोट लावलं की गोळी होऊन बसतात. मुलं त्याला किडा म्हणतात. पण पाय मोजले तर सहा नाहीत, चौदा आहेत. हा कीटक नव्हे, खेकड्याच्या आणि कोळंबीच्या गोतावळ्यातला. पाण्यातून जमिनीवर आलेला, पण पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या पातळ पाळ्यांनी श्वास घ्यायची सवय न सुटलेला, म्हणून ओल धरून राहणारा. हे मी मोठ्या रुबाबात सांगत होते, तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, ‘बाई, माझ्याला बाराच आहेत.’

‘नीट मोज,’ मी म्हटलं.

त्याने पुन्हा मोजले. बारा. शेजारचीचे चौदा. मी त्याला सांगितलं, एखादी जोडी तुटली असेल, पुढे चल. त्याचा प्राणी बाकीच्यांपेक्षा बराच लहान आणि फिकट होता, हे मला दिसत होतं, पण मी पाहिलं नाही. घरी येऊन वाचल्यावर कळलं, की या प्राण्याची मादी पिल्लांना पोटाखालच्या पिशवीत वाढवते आणि पिशवीतून बाहेर पडलेल्या पिल्लाला पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी नंतर, कात टाकल्यावर येते. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्या मुलाची माफी मागितली. त्याने फार मनावर घेतलं नाही. त्याला फक्त इतकंच हवं होतं की वहीत बारा लिहिलेलं खोडायला लागू नये.

आणि या सगळ्यानंतर परीक्षेत काय येतं? ‘संधिपाद संघाची चार वैशिष्ट्ये लिहा.’ मुलं लिहितात : सांधे असलेले पाय, कायटिनयुक्त बाह्यकंकाल, द्विपार्श्व सममिती, खंडित शरीर. चारांचे चार गुण. यातल्या किती मुलांनी आयुष्यात एकदा तरी एखाद्या संधिपादाचा पाय मोडतो कुठे ते वाकून पाहिलं असेल? मला विचाराल तर, पंधरा ओळींच्या तक्त्यातले सगळे संघ पाठ असलेल्या मुलापेक्षा ‘बाराच आहेत’ म्हणणारं मूल पुढे गेलेलं आहे. पण ते कुठे नोंदवायचं, याला आपल्या गुणपत्रिकेत जागा नाही.

जाता जाता एक. आजवर नाव मिळालेल्या प्राण्यांत सुमारे 10 लाख जाती कीटकांच्या आहेत आणि सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांच्या आसपास. जैवविविधतेच्या धड्यातली चित्रं मोजून पाहा. वाघ, हत्ती, पांडा, हरीण, आणि कोपऱ्यात एक फुलपाखरू.

आता आनुवंशिकतेकडे येते. इथे माझी तक्रार जास्त गंभीर आहे, कारण इथे नुसतं कंटाळवाणं शिकवलं जात नाही, चुकीचं शिकवलं जातं.

‘आपल्या कुटुंबातील आनुवंशिक गुण’ असा एक तक्ता असतो. जीभ गोल वळवता येते की नाही, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, कपाळावरच्या केसांना मधे टोक आहे का. आजी, आजोबा, आई, वडील, मी, भावंडं, प्रत्येकापुढे होय किंवा नाही. खाली टीप : जीभ वळवता येणे हा प्रभावी गुण, न येणे अप्रभावी. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या वहीत हा तक्ता तपासताना आईच्या रकान्यात कागद पातळ झालेला दिसला. ‘नाही’ लिहून, खोडून, त्यावर ‘होय’ लिहिलं होतं. इतकं खोडलं होतं की मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती. तास संपल्यावर ती टेबलापाशी घुटमळली. ‘बाई, आईबाबा दोघांनाही जीभ वळवता येत नसेल, तर मुलीला येऊच शकत नाही ना?’

पुस्तकाच्या हिशेबाने तिचं बरोबर होतं. दोन अप्रभावी गुणांच्या पालकांच्या पोटी प्रभावी गुणाचं मूल जन्माला येत नाही. तिने धडा नीट वाचला होता, आणि नीट वाचल्यामुळेच दोन दिवस आईला आरशासमोर उभं करून जीभ वळवायला लावत होती. ती नेमकं काय विचारते आहे हे मला कळलं आणि पोटात खड्डा पडला. कारण तोपर्यंत मीही तो तक्ता डोळे झाकून शिकवत आले होते.

त्या रात्री शोधाशोध केली. जीभ वळवण्याची गोष्ट आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने 1940 मध्ये मांडली. हा लहान माणूस नव्हे. गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा त्याने 1913 मध्ये काढला होता. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. पण 1952 मध्ये मॅटलॉक नावाच्या संशोधकाने एकसारख्या जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या, त्यांतल्या 7 जोड्यांमध्ये एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तीच असतात. एकाच जनुकाचा खेळ असता तर हे झालंच नसतं. काही मुलांना तर हे वय वाढल्यावर किंवा सराव करून जमू लागतं. स्टर्टेव्हंटने पुढे, 1965 मध्ये, हे उदाहरण अजूनही मेंडेलच्या नियमाचं पक्कं उदाहरण म्हणून छापलं जातं याची आपल्याला लाज वाटते, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. ज्याने सांगितलं त्यानेच मागे घेतलं, त्याला साठ वर्षं होऊन गेली. आपण अजून धरून बसलो आहोत.

कानाच्या पाळीचंही ‘सुटी’ आणि ‘चिकटलेली’ असं दोन खणांत भागत नाही. वर्गातल्या सगळ्यांचे कान ओळीने पाहिले तर मधल्या सगळ्या पायऱ्या दिसतात. 2017 मध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या पाळीशी संबंध असलेल्या 49 जागा जनुकसंचात सापडल्या. उंचीचा 2022 मधला अभ्यास तर सुमारे 54 लाख लोकांचा होता आणि त्यात 12 हजारांहून जास्त बारीक फरक निघाले. डोळ्यांचा रंगही तसाच. निळ्या डोळ्यांच्या दोघांना तपकिरी डोळ्यांचं मूल होऊ शकतं. रक्तगट हे त्यातल्या त्यात खणखणीत उदाहरण, पण त्यालाही 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना सापडलेल्या दुर्मीळ गटाचा धक्का बसतो : शरीरात ए किंवा बी गटाचं जनुक असूनही त्याखालचा पायाच तयार होत नाही, म्हणून साध्या तपासणीत रक्त ओ गटाचं दिसतं.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं, आणि वर्गालाही. तिने वहीत आईपुढे पुन्हा ‘नाही’ लिहिलं. कागद फाटला, तिने मागून चिकटपट्टी लावली.

आई-वडिलांपैकी एकच जण असलेली, दत्तक घेतलेली, कुणा नातेवाइकाकडे वाढणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यापुढे हा तक्ता ठेवताना आपल्याला काहीच वाटत नाही का? तक्ता शास्त्राच्या दृष्टीने बरोबर असता तरी मी त्याच्या विरोधात बोलले असते. इथे तर तो चूकही आहे. पुढच्या आवृत्तीत तो काढून टाका. या पत्रातलं बाकी काही नाही जमलं तरी चालेल, एवढं कराच.

त्याच्या जागी काय, असं विचाराल. मांजरं. काळे आणि केशरी असे दोन्ही रंग अंगावर असलेली मांजर बहुतेक नेहमी मादीच असते, कारण केशरी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे दोन एक्स. प्रत्येक पेशी गर्भावस्थेतच त्यांतला एक बंद करून टाकते, कुठे हा तर कुठे तो, आणि ते वाटप कातडीवर रंगांच्या ठिगळांनी दिसतं. मेरी लायनने 1961 मध्ये उंदरांच्या रंगावरून हे ओळखलं. मुलांना सांगा, महिनाभर दिसतील तेवढ्या मांजरांची नोंद करा. कुणाच्या आईला आरशासमोर उभं राहावं लागणार नाही.

आणि मेंडेल हवाच, पण खरा मेंडेल द्या. पुस्तकात 3:1 असं स्वच्छ गुणोत्तर छापलेलं असतं आणि मुलांना वाटतं, वाटाण्याच्या चार दाण्यांत एक सुरकुतलेला निघणारच. मेंडेलला दुसऱ्या पिढीत 7,324 दाणे मिळाले : 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले. म्हणजे 2.96 ला 1. एकेका झाडाचे आकडे तर त्याने न लपवता दिले आहेत : एका झाडावर 43 गोल आणि 2 सुरकुतलेले, दुसऱ्या झाडावर 14 गोल आणि 15 सुरकुतलेले. हे दोन आकडे मी फळ्यावर लिहिले आणि विचारलं, ‘तुम्ही मेंडेलच्या जागी असता आणि पहिलं झाड हे 14-15 वालं निघालं असतं, तर?’ वर्ग गप्प. मग मागून आवाज आला, ‘अजून झाडं लावली असती.’ संभाव्यतेचा अख्खा धडा या चार शब्दांत आला.

दाणा का सुरकुततो, हेही आपण कधी सांगत नाही. ‘अप्रभावी’ म्हटलं की मुलांना वाटतं दुबळा, आणि प्रभावी म्हणजे जास्त लोकांत आढळणारा. तसं नसतं. हाताला सहावं बोट आणणारा गुण बऱ्याचदा प्रभावी असतो, पण म्हणून काही सगळ्यांना सहा बोटं नसतात. ओ रक्तगट अप्रभावी, आणि ओ गटाची माणसं ढिगाने. वाटाण्याचं कोडं 1990 मध्ये सुटलं. स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, त्याच्या जनुकात मधेच डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसला की ते बिघडतं. मग दाण्यात स्टार्च कमी, साखर जास्त. साखर पाणी ओढते, कोवळा दाणा फुगतो, आणि वाळताना पाणी गेलं की सैल झालेल्या सालीला सुरकुत्या पडतात. दोनपैकी एक जनुक धड असलं तरी पुरेसं विकर तयार होतं, म्हणून गोल दाणा ‘प्रभावी’. प्रभावी या शब्दातलं कोडं इथे सुटतं, आणि तेही ज्या वाटाण्याचं चित्र पुस्तकात आधीच आहे त्याच वाटाण्यावर.

मेंडेलची एक गोष्ट मला फार आवडते आणि ती कुठल्याच शालेय पुस्तकात मला सापडलेली नाही. वाटाण्यानंतर त्याने हायरेशियम नावाच्या रानफुलावर तेच प्रयोग केले आणि तिथे काहीच जुळेना. त्याने ते न जुळणारे निकालही छापले. ही झाडं बऱ्याचदा परागाविनाच बी धरतात, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नियम शोधणाऱ्या माणसाने आपल्या नियमात न बसणारी झाडंही जगापुढे मांडली, आणि आपण त्याच्या नावाच्या धड्यात मुलांना वहीतलं ‘नाही’ खोडायला लावतो.

शेवटचा मुद्दा धड्यांच्या क्रमाचा. वर्गीकरण एका इयत्तेत, आनुवंशिकता दुसऱ्या, जैवविविधता तिसऱ्या. तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे मुलांना शेवटपर्यंत कळत नाही. जैवविविधतेचे तीन स्तर पाठ असतात : आनुवंशिक, जातींची आणि परिसंस्थांची. ‘आनुवंशिक विविधता म्हणजे काय’ विचारलं की व्याख्या येते आणि चेहऱ्यावर काहीच येत नाही. मी चित्त्याची गोष्ट सांगते. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात शास्त्रज्ञांनी नात्यात नसलेल्या चित्त्यांच्या कातडीचे तुकडे एकमेकांवर लावून पाहिले. परकी कातडी शरीर सहसा दोन आठवड्यांच्या आत झिडकारतं. चित्त्यांनी ती स्वीकारली. त्यांची जनुकं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती, की परकं कोण हेच शरीराला कळेना. चित्ते संख्येने किती, या प्रश्नाइतकाच ते एकमेकांपेक्षा वेगळे किती, हा प्रश्न महत्त्वाचा का, ते मुलांना इथे उमगतं. एक साथ आली तर जो जगेल तो कुणापेक्षा तरी वेगळा असल्यामुळे जगेल. तीन धडे एका गोष्टीत शिवता येतात. शिवायला फक्त कुणीतरी तिन्ही पानं एकत्र उघडून बसायला हवं.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. हजारो उत्तरपत्रिका, शेकडो परीक्षक, सगळ्यांनी एकसारखे गुण द्यायला हवेत; प्रत्येक मुलाच्या झाडाच्या रेघा वाचत बसलं तर निकाल लागायचा कधी? मीही त्याच घाईत पान उलटलं होतं. म्हणून फार मागत नाही. ‘वेगळा घटक ओळखा’ला एक गुण असेल तो दोन करा : एक निकष लिहिण्याचा, एक निकषाला धरून आलेल्या उत्तराचा. संघाची वैशिष्ट्यं विचारण्याऐवजी पुस्तकात नसलेल्या प्राण्याचं चित्र द्या आणि विचारा, हा कुठे घालाल, का, आणि आणखी काय पाहायला मिळालं तर मत बदलाल. परीक्षकाला यात अवघड काही नाही; पाय मोजता आले म्हणजे झालं. मेंडेलच्या प्रश्नात गुणोत्तराऐवजी खरे आकडे द्या. आणि त्या चौकटी, ‘अपवाद’ मथळ्याच्या, त्यांतलं निदान एखादं वाक्य दर वर्षी परीक्षेत येऊ द्या, म्हणजे मुलं त्या वाचायला लागतील.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका

ता. क. : त्या मुलाचा गुण मी नंतर द्यायला गेले होते. निकाल नोंदवून झाला आहे, आता बदल होणार नाही, असं उत्तर मिळालं. मग मी त्याच्याच उत्तरपत्रिकेवर शून्य खोडलं, शेजारी 1 लिहिला, सही केली आणि ती त्याला परत दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ‘बाई, मग चिमणी लिहिणाऱ्यांचा कापणार का?’ मी म्हटलं, विचारून सांगते. तर तेवढं कळवावं.